स्वस्त पडतं, पण कोणाला?

उत्साही : भाऊ, परदेश म्हटलं की आपल्या कामठीत माणसं अजून लाखांत बोलायला लागतात. मला ते पटत नाही. मुलगा शारजात नोकरीला असेल, तर आईवडिलांनी त्याच्याकडे आठ-दहा दिवस जाऊन येणं ही आता श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाही. नागपूरहून शारजाला थेट विमान जातं, मुंबईला जाऊन एक रात्र काढायची गरज नाही. ते चालवणारी एअर अरेबिया ही २००३ साली शारजातूनच सुरू झालेली कमी भाड्याची कंपनी आहे. तिकिटात जेवण नाही, मोठी बॅग न्यायची तर वेगळे पैसे; पण चारेक तासांच्या प्रवासात जेवण हवंय कोणाला? पासपोर्टची साधी फी दीड हजार रुपये, साठी उलटली असेल तर त्यातही दहा टक्के सूट. आपल्याकडच्या कितीतरी बाया दहावी झालेल्या नसतात, त्यांना वाटतं आपल्या पासपोर्टवर ईसीआरचा (‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’चा) शिक्का बसेल आणि विमानतळावर अडवतील. पन्नाशी ओलांडली की तो शिक्का बसत नाही, हेसुद्धा कोणी त्यांना सांगत नाही. राहायला मुलाचं घर, जेवायला घरचं अन्न, फिरायला बस आणि दुबईत मेट्रो. एवढं सोपं असताना लोक ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत राहतात आणि एक दिवस गुडघे नाही म्हणतात.

शंकेखोर : ताई, तुमच्या हिशेबात दोन रकाने कोरे आहेत. राहणं फुकट, जेवण फुकट, असं तुम्ही म्हणालात. फुकट कोणाला? शारजात राहणारा मुलगा बहुतेक वेळा दुबईत कामाला असतो. शारजात राहतो कारण तिथं भाडं कमी. आईवडील येणार म्हटल्यावर तो एक गादी विकत आणतो, स्वतः हॉलमध्ये झोपतो, विमानतळावरून टॅक्सी करतो. आईवडिलांना काहीतरी दाखवलं पाहिजे म्हणून बुर्ज खलिफाच्या वरच्या मजल्याची तिकिटं काढतो. एरवी तो स्वतः तिथं कधी गेलेला नसतो. महिनाअखेरीला घरी पाठवायची रक्कम त्या महिन्यात कमी येते आणि इथं आईला वाटतं, पोराचं काही बिनसलं का. म्हणजे सहल स्वस्त झाली ती तुमच्या खिशाला. खर्च झालाच, तो फक्त ज्याच्याकडे गेलात त्याच्या नावावर पडला. जो खर्च आपल्याला दिसत नाही तो झालाच नाही असं धरून चालणं मला मान्य नाही.

उत्साही : खर्च पडतो हे मी नाकारत नाही. पण तुम्ही न जाण्याचा खर्चही मोजा. तिथल्या कामगार कायद्यानं वर्षभर नोकरी केलेल्याला तीस दिवसांची पगारी रजा मिळते. मुलगा कामठीत येतो तो ह्या तीस दिवसांत, आणि कित्येकांना दोन वर्षांतून एकदाच जमतं. आल्यावर काय होतं ते तुम्ही पाहिलंय. एक लग्न, एक वास्तू, बँकेचं केवायसी, वडिलांचा मोतीबिंदू, जमिनीच्या सातबाऱ्याचं किंवा घराच्या हिश्शाचं प्रकरण, आणि मोटारसायकलवर कामठी-नागपूर-कामठी. आईच्या हातचं जेवायला तो सलग चार दिवस घरी सापडत नाही. पाहुणे त्याला भेटायला येतात म्हणून आई पुन्हा स्वयंपाकघरातच. तोच मुलगा तिथं असताना संध्याकाळी कामावरून येतो, बूट काढतो, आणि आईशेजारी बसतो. दुसरं कोणी येणारं नसतं, कुठं जायचं नसतं. आईवडील तिकडे गेले तर त्याची रजाही खर्ची पडत नाही. भेट खरी व्हायची असेल तर ती त्याच्या शहरात होते, आपल्या नाही. आणि त्याचं आयुष्य कसं चाललंय हे फोनवरच्या चेहऱ्यावरून कळत नाही, जिन्यावरून कळतं, फ्रिज उघडल्यावर कळतं.

शंकेखोर : रजेचं तुम्ही बरोबर सांगितलंत, मी ह्या बाजूनं विचार केला नव्हता. पण ‘संध्याकाळी येतो’ म्हणजे किती वाजता? शारजा आणि दुबईच्या मधला अल इत्तिहाद रस्ता सकाळ-संध्याकाळ तुंबलेला असतो, अंतर थोडं आणि वेळ भरमसाट. पोरगं अंधारात निघतं आणि अंधारात येतं. दिवसभर दोघं म्हातारी माणसं अकराव्या मजल्यावर. खाली उतरायचं तर भाषा नाही, नंबर पाठ नाही, लिफ्टमध्ये कोण भेटेल माहीत नाही.

आणि तुम्ही धरून चाललात की त्याला घर आहे. माझा भाचा तिथं आहे, त्याला घर नाही, त्याला ‘बेडस्पेस’ आहे. एका खोलीत सहा खाटा, त्यातली एक त्याची. खाटेखाली बॅग, भिंतीला खिळा, त्या खिळ्याला कपडे, आणि मोबाईलच्या चार्जरसाठी पाळी. अशा खोल्यांत फळ्या टाकून आणखी कप्पे पाडतात. २०२५ च्या उन्हाळ्यात दुबईच्या महापालिकेनं त्यावर मोहीमच काढली आणि कित्येकांना रातोरात दुसरी जागा शोधावी लागली. हा मुलगा आईला काय सांगणार? तो सांगतो, सध्या कामाचा लोड आहे, पुढच्या वर्षी या. तुम्ही मघाशी म्हणालात ना, लोक ‘पुढच्या वर्षी’ म्हणत राहतात. काही घरांत ते वाक्य आईवडिलांचं नसतं, मुलाचं असतं, आणि त्यामागची खोली त्याला दाखवायची नसते.

तिथल्या सरकारनंही हे मोजून ठेवलंय. २०२५ च्या सप्टेंबरात नियम जाहीर झाला : आईवडील, बायकोमुलं अशा पहिल्या नात्याच्या माणसाला भेटीच्या व्हिसावर बोलवायचं तर बोलावणाऱ्याचा पगार महिना किमान चार हजार दिऱ्हम हवा. भाऊबंद, काका-मामा असतील तर आठ हजार. मित्राला बोलवायचं तर पंधरा हजार. ज्याला सहा खाटांच्या खोलीत राहावं लागतं त्याचा पगार चार हजाराच्या आसपासही नसतो अनेकदा.

उत्साही : तो पगाराचा नियम मुलानं आपल्या नावावर बोलावलं तर. एजंटाकडून किंवा विमान कंपनीकडून साधा पर्यटक व्हिसा काढता येतो, तीस किंवा साठ दिवसांचा, त्याला मुलाचा पगार कोणी विचारत नाही. पण तुमचा मुद्दा व्हिसाचा नाहीये, हे मला कळतंय. खोली दाखवायची नसते, हा मुद्दा आहे. त्याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही. फक्त एक विचारते : आईनं ती खोली पाहिलीच नाही तर तिला त्याच्या पाठवलेल्या पैशाची किंमत कशी कळायची? इथं त्या पैशातून टाईल्स बसतात, लग्नात डीजे लागतो. एकदा ती खाट पाहिलेली आई टाईल्सचा हट्ट धरणार नाही असं मला वाटतं.

आता दिवसभराचं बोलू. माणूस मुलाला भेटायला जातो, पण जातो एका शहरात, आणि ते शहर गरिबाला बंद नाही. दुबईच्या खाडीवर बर दुबईहून देराला जायला अब्रा नावाची लाकडी नाव असते. भाडं एक दिऱ्हम. मधल्या लांब बाकावर दोन्हीकडे तोंड करून माणसं पाठीला पाठ लावून बसतात, पाय पाण्याच्या बाजूला. कठडा जवळजवळ नाहीच. नाव सुटली की मधे इंजिनाच्या खाचेत उभा असलेला नावाडी हात पुढे करतो, ज्यानं त्यानं नाणं त्याच्या हातात टेकवायचं. शेजारी पाकिस्तानी मजूर, समोर फिलिपिनो नर्स, कोपऱ्यात कॅमेरा घेतलेले युरोपातले दोघं. पाचेक मिनिटांत पलीकडे मसाल्यांचा बाजार. कन्हानच्या काठावर वाढलेल्या माणसाला नावेत बसायला कोण शिकवणार? मेट्रोचं भाडं कार्डावर अंतराप्रमाणे तीन, पाच किंवा साडेसात दिऱ्हम, बायकांना वेगळा डबा. फक्त डब्यात चिवड्याची पुडी सोडायची नाही, खाल्लं-प्यायलं की शंभर दिऱ्हम दंड. संध्याकाळी बुर्ज खलिफाच्या पायथ्याशी कारंजी फुकट दिसतात, ८२८ मीटरची इमारत खालूनही दिसतेच. आणि शारजाचं क्रिकेट मैदान! १९९८ च्या एप्रिलमध्ये वाळूच्या वादळानं मधेच थांबलेल्या सामन्यात सचिननं ऑस्ट्रेलियाला १४३ मारले आणि दोन दिवसांनी अंतिम सामन्यात १३४, ते आपण शेजाऱ्याच्या टीव्हीवर पाहिलं होतं. वडिलांना त्या मैदानाच्या फाटकाशी उभं केलं तर त्यांना दुसरं काही दाखवावं लागत नाही.

शंकेखोर : फाटकाशी उभं करा, पण कोणत्या महिन्यात? स्वस्त तिकीट स्वस्त का असतं तेही पाहा. जुलैमध्ये तिथल्या शाळांना सुट्ट्या लागतात, आपली सगळी कुटुंबं तिकडून इकडे येतात, त्या बाजूचं भाडं आभाळाला भिडतं आणि इकडून तिकडे जाणाऱ्या विमानात जागा राहतात. म्हणून आपल्याला तेव्हा स्वस्तात मिळतं. तेव्हा तिथं काय असतं? पंधरा जून ते पंधरा सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानं बंदी असते, इतकं ऊन. नागपूरचा माणूस म्हणेल, आम्ही पंचेचाळीस डिग्री बघितलेत. आपलं ऊन कोरडं. तिथं समुद्र आहे, घाम वाळतच नाही. थंडीत चांगलं असतं, तर थंडीत तिकीट वर.

पैशाचंही तसंच. दिऱ्हम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५. म्हणजे रुपया डॉलरपुढे घसरला की अब्राचा एक दिऱ्हम आपोआप महाग होतो. मुलानं पाठवलेल्या पैशाला त्यानं फायदा होतो, तिकडे फिरायला गेलेल्या बापाला तोटा. आणि त्या वयात औषधं. आपल्याकडे चिठ्ठीवर सर्रास मिळणारं कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलची दुखण्याची गोळी, ही दोन्ही तिथं नियंत्रित यादीत आहेत, परवानगीशिवाय नेली तर गुन्हा. गुडघेदुखीवर नेमकी तीच गोळी चालू असते. तिथं पडलं-झडलं तर दवाखान्याचं बिल कोण भरणार? मुलगाच. प्रवासी विमा काढल्याशिवाय कोणी जाऊ नये. तो खर्च तुम्ही सुरुवातीला धरला नव्हता.

उत्साही : विमा धरायला हवा होता, मान्य. औषधांचं तर प्रत्येक घराला सांगावं असं आहे, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आणि आधी विचारूनच न्यावं. त्यात मी अजून एक घालते, कारण ते आपल्याच स्वयंपाकघरातलं आहे. खसखस. तिथं खसखस नेणं बंदच आहे, ती अफूच्या बोंडातली. सावजी मसाला खसखशीशिवाय होत नाही आणि अनारसा तिच्यावरच थापतात. माझ्या नणंदेनं मुलासाठी दिवाळीचा डबा बांधला होता. अनारसे बाजूला काढले तेव्हा ती रडवेली झाली. मग मसाला नव्यानं केला, खसखशीऐवजी खोबरं आणि तीळ वाढवून. वजनकाट्यावर बॅग तीनदा चढली आणि उतरली. शेवटी तिनं स्वतःच्या दोन साड्या काढल्या आणि संत्रा बर्फीचं खोकं ठेवलं.

हे मी मुद्दाम सांगतेय. तुम्ही पाहुण्याला नुसता घेणारा धरता. आपल्याकडे आई पाहुणी म्हणून जातच नाही, ती कामाला जाते. दहा दिवस मुलगा डबा घेऊन कामावर जातो, ढाब्याचं पार्सल बंद. खोलीतल्या बाकीच्या पोरांनाही भाकरी मिळते. ती आल्यानं मुलाचा खर्च वाढतो हे खरं, पण त्याला मिळतं काय हे फक्त दिऱ्हमात लिहिलं तर हिशेब खोटा होईल.

शंकेखोर : मी आईला घेणारी म्हणत नाही. उलट मला तेच खुपतं, की ती तिकडेही चुलीपुढेच. मुलगा कामावर, बाप टीव्हीपुढे, आई भाकरी थापतेय, आणि ह्याला आपण परदेश बघितला म्हणायचं. तुमचा अब्रा आणि मेट्रो तिच्या वाट्याला शनिवार-रविवारी येणार, तेही मुलाला सुटी असली तर.

पण आईवडिलांचं नातं तरी सरळ आहे. तुम्ही मित्रांकडे जाण्याचं म्हणाल तेव्हा मी जास्त घाबरतो. गावातला एक तिकडे गेला की त्याचा फोन नंबर सगळ्या कामठीचा होतो. शाळेतला मित्र, मेहुण्याचा मित्र, मेहुण्याच्या मित्राचा मुलगा नोकरी शोधायला आलेला. ‘दोन दिवस राहतो’ म्हणतात आणि व्हिसा साठ दिवसांचा असतो. मुदत संपल्यावर राहिलं तर दिवसाला पन्नास दिऱ्हम दंड. तो दंड भरायची वेळ आली की शोध पुन्हा त्याच मित्राचा. तिथल्या सरकारनं मित्राला बोलवायला पंधरा हजार पगार मागितला तेव्हा इथं लोक चिडले, नात्याला पैशानं मोजता म्हणाले. मला तो नियम क्रूर वाटला नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या वतीनं कोणीतरी नाही म्हटलं.

उत्साही : इथं मात्र मी तुमच्याशी भांडेन. कामठी हे गावच बाहेरून आलेल्यांचं आहे. १८२१ मध्ये छावणी पडली, तिच्यामागे मद्रासकडचे शिपाई आले, व्यापारी आले, १८५७ नंतर उत्तरेकडून विणकर मोमीन आले आणि हातमाग घेऊन बसले. त्यातल्या प्रत्येकाला पहिल्या रात्री कोणीतरी ओसरी दिलीच असेल. पगार विचारून दिली नसेल. आणि मैत्रीतून काय उभं राहतं हे आपल्याला सांगायला लांब जावं लागत नाही. ड्रॅगन पॅलेस बघा. जपानच्या नोरिको ओगावा आणि आपल्या सुलेखा कुंभारे यांच्या स्नेहातून १९९९ मध्ये ते विहार झालं. दोन बायका एकमेकींच्या देशात गेल्या-आल्या नसत्या तर कामठीत ती वास्तू नसती.

आणखी एक सांगते. आपल्या गावातल्या कितीतरी घरांतली पोरं आता लंडनला शिकायला जातायत. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये जिथं राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं, आता तिथं स्मारक आहे, बघायला पैसे लागत नाहीत. ब्रिटिश म्युझियम फुकट. बसला पावणेदोन पौंड, तासाभरात कितीही बस बदला, तेवढेच. दीक्षाभूमीला दरवर्षी चालत जाणारा बाप मुलीच्या खोलीत चार रात्री जमिनीवर झोपून ते घर बघून आला, तर त्याला तुम्ही उधळपट्टी म्हणाल?

शंकेखोर : नाही म्हणणार. त्या बापानं कर्ज काढून जावं असंही मला एखादे वेळी वाटेल. पण लंडनचा व्हिसा म्हणजे फीच शंभर पौंडांच्या वर, नामंजूर झाला तर परत मिळत नाही. सहा महिन्यांची बँकेची पानं, परत येणार याचा पुरावा, आणि मुलगी ज्या खोलीत राहते तिथं पाहुणा ठेवायला घरमालकाची परवानगी. विद्यार्थ्यांच्या कितीतरी वसतिगृहांत पाहुण्याला दोन-तीन रात्रींच्या वर राहू देत नाहीत. म्हणजे पुन्हा तेच. आपण तिकिटाची चौकशी महिनाभर करतो, पण ज्या खोलीत झोपणार तिची चौकशी करत नाही. ओसरीचं म्हणालात, तर ओसरी देणाऱ्याची ती स्वतःची होती. आमच्या भाच्याच्या खाटेवर त्याची मालकी नाही.

उत्साही : ही गोष्ट मला मान्य करावी लागते. मी आतापर्यंत विचारत होते, आपल्याला परवडेल का. विचारायला हवं ते त्याला : तुला जमेल का, आणि नाही जमणार म्हणालास तर आम्ही रुसणार नाही. पण भाऊ, हे विचारायचं कसं? आईनं विचारलं तर मुलगा ‘या’च म्हणणार. आणि आपण म्हटलं, आम्ही बाहेर स्वस्तातली खोली घेऊन राहतो, तर त्याच्या मनाला लागेल. गावातही बोलतील, पोरानं आईबापाला लॉजवर ठेवलं.

शंकेखोर : लागेल. लॉजचे पैसे धरले की सहल स्वस्तही राहत नाही. मुलाकडे राहिलात तर भार त्याच्यावर, बाहेर राहिलात तर भेट अर्धी. मला यातून वाट सापडलेली नाही. एवढंच सांगतो, की खर्चाच्या कागदावर त्याचंही नाव लिहा. त्याची गादी, त्याची टॅक्सी, त्याची जी एक सुटी आपल्यामागे जाईल ती. ते पैसे निघताना वेगळे बांधा आणि त्याच्या हातात न देता त्याच्या घरासाठी काही घ्या, नाहीतर तो परत करेल.

उत्साही : आणि माझ्याकडून एक. तरीही जा. विमा काढून, औषधाची चिठ्ठी घेऊन, खसखस काढून टाकून, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत भाडं थोडं जास्त पडलं तरी, पण जा. मुलाची खोली लहान असेल तर चार दिवसच जा. व्हिसा साठ दिवसांचा मिळाला म्हणून साठ दिवस राहू नका. परतीची तारीख तिकीट काढायच्या आधी त्याला विचारा, आणि तो सांगेल त्यातून एक दिवस कमी करा.